बोटीची पुढची जागा

खांद्याच्या ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर वायनेलने डॉक्टरला पहिला प्रश्न विचारला तो गळ टाकण्याबद्दल. डॉक्टर तरुण होता, शहरातून नुकताच आलेला. त्याला वाटलं बाई अजून गुंगीत आहे. उन्हाळा सरेपर्यंत त्याचं नावही काढू नका, असं म्हणून त्याने तिचा उजवा हात झोळीत अडकवला आणि तिला घरी पाठवलं. म्हणजे वसंतातली जोडी-स्पर्धा हातची गेली.

टॅलोनी तलावावर ही स्पर्धा दरवर्षी होते, बास मासे अंडी घालायला काठाशी येतात त्या दिवसांत. एका बोटीत एक पुरुष आणि एक बाई, एवढीच अट. बाप-लेक चालतात, दीर-भावजय चालतात, पण बहुतेक बोटींत नवरा-बायकोच असतात आणि संध्याकाळी माशांच्या वजनाच्या वेळी त्यांतल्या निम्म्या जोड्या एकमेकांशी बोलत नसतात. वायनेल आणि हॉइट लग्न झाल्यापासून या स्पर्धेत उतरत आले होते. पहिला नंबर कधी आला नव्हता. पण ते बोलत असायचे.

"तू कार्लीनला घेऊन जा की," असं वायनेलच म्हणाली. जेवताना, डाव्या हाताने कॉर्नब्रेडला लोणी लावत. म्हणायची रीत असते म्हणून म्हणाली. त्या भागात पाहुणा उठला की 'बसा हो अजून' म्हणतात, आणि तो खरंच बसला तर घरातले एकमेकांकडे बघतात, त्यातलंच हे. हॉइटने 'छे, तुझ्याशिवाय काय जायचं' म्हणायचं होतं, तिने 'अरे जा रे, माझं काय' म्हणायचं होतं, आणि मग दोघांनी मिळून घरी बसायचं होतं. हॉइटने घास गिळला आणि म्हणाला, "हो, चालेल की."

नाही म्हणायला हरकत नव्हती, निदान घास तरी जरा जास्त वेळ चावायचा.

कार्लीन ही ड्यूईची विधवा. ड्यूई आणि हॉइट लाकडाच्या गिरणीत बरोबर कामाला होते. दोन हिवाळ्यांपूर्वी ड्यूईचं हृदय अंगणातच बंद पडलं. नवऱ्याने कार्लीनला आयुष्यात कधी मासे धरायला नेलं नव्हतं. तो गेल्यावर तिने त्याचे रॉड काढले, आपल्याच धक्क्यावर उभी राहून एकटीने शिकली, आणि चांगली शिकली. तिच्या या जिद्दीचं कौतुक गावभर करणारी वायनेलच होती. पण ते कार्लीन आपल्या धक्क्यावर होती तोवर. उंच बाई, वायनेलपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि तिला 'मिस वायनेल' म्हणायची. मान म्हणूनच म्हणायची, पण दर वेळी वायनेलला वाटायचं, हिने आपल्या हातात काठी दिली.

आता बोटीतल्या जागेचं सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथेच होतं. बास धरायच्या बोटीला पुढे एक चौथरा असतो. तिथे उभा राहणारा पायाने छोटी विजेची मोटार चालवतो, आवाज न करता बोट काठाकाठाने सरकवतो, आणि नव्या पाण्यात पहिला गळ त्याचा पडतो. मागे बसणाऱ्याला मिळतं ते उष्टं पाणी. वायनेल लग्नापासून मागे बसली. बसून बसून तिने त्याचीच कला केली. हॉइटच्या घाईला न भुललेला मासा तिच्या गळाला लागायचा, कारण ती आमिष पाण्यात सोडायची आणि हलवायचीच नाही. रबरी गांडूळ तळाला टेकलं की स्वस्थ बसायचं, दोरी बोटावर धरायची, मनात एखादं भजन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत म्हणायचं, आणि मग फक्त एकदा मनगट उचलायचं. तिने पुढची जागा कधी मागितली नाही. ती मागायची गोष्ट आहे असंच तिला कधी वाटलं नाही. चर्चमधल्या वेदीवर कसं आपण चढून बसत नाही, तसं.

सरावाच्या रविवारी चर्चहून आल्यावर ती सँडविचेस घेऊन धक्क्यावर गेली, तर समोरून बोट येत होती. पुढे चौथऱ्यावर कार्लीन उभी, एक पाय मोटारीच्या पेडलवर, वाऱ्यावर केस. आणि मागे, वायनेलच्या जागेवर, गुडघ्यांवर हातजाळी ठेवून हॉइट बसलेला. शहाण्या मुलासारखा.

रात्री त्याने समजावून सांगितलं. या दिवसांत नर काठाच्या उथळ पाण्यात शेपटीने वाळू झाडून गोल घरटं करतो, मादी अंडी घालून निघून जाते, आणि हा उपाशी राहून राखण करत बसतो. त्याच्या घरट्यात काहीही सोडा, तो तोंडात धरून बाहेर नेऊन टाकणार. भुकेने नाही, रागाने. पण ते घरटं आधी दिसायला हवं, आणि दिसतं ते पुढून, उभं राहिल्यावर. "तिची नजर चांगली आहे गं," हॉइट म्हणाला.

वायनेलने हातातलं भांडं मोरीत अशा बेताने ठेवलं की हॉइटने काही फुटलं का म्हणून विचारलं.

तिला हेही ठाऊक होतं की या दोघांत तसलं काही नाही. हॉइट तसला माणूस नव्हता. त्याला पँटचा पट्टा बदलायचा तरी आठवडाभर विचार लागायचा. तसलं काही असतं तर बरं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. निदान चारचौघांत तोंड उघडून रडता आलं असतं. बोटीच्या चौथऱ्यासाठी कुणापुढे रडायचं?

एका गोष्टीवर ती तग धरून होती. झाडं. नाताळ झाला की गाव आपापली सूचिपर्णी झाडं रस्त्याच्या कडेला टाकून देतं. हॉइट आणि वायनेल आपलं झाड बोटीत घालत, बुंध्याला सिमेंटचा ठोकळा बांधत, आणि तलावात खोल एका ठरलेल्या जागी सोडत. दरवर्षी एक. लेकीच्या पहिल्या नाताळचं झाड तिथे होतं, आई गेली त्या वर्षीचं होतं, हॉइटची नोकरी गेली तेव्हाचं हडकुळं, फुकट मिळालेलंही होतं. पाण्याखाली आता एक लहानसं रान झालं होतं आणि त्यात थकलेले मोठे मासे सावलीला येऊन राहत. ती जागा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हती. लेकीलासुद्धा नाही, कारण जावई बडबड्या निघाला. तिथे स्पर्धेतही ते क्वचितच जात. आजूबाजूला बोटी असल्या की हॉइट तिकडे मानही वळवत नसे. पुढची जागा गेली तर गेली, झाडं आपली आहेत, असं वायनेल भांडी पुसताना स्वतःला सांगायची.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी हॉइट आंघोळीला गेला, तेव्हा ती गॅरेजात गेली. बोटीच्या बॅटऱ्या चार्जरला लावलेल्या होत्या, रात्रभर लागतात. लाल दिवा जळत होता. तिने डाव्या हाताने पिन काढली. दिवा विझला. मग सवयीप्रमाणे वायर छान गुंडाळली, खुंटीला अडकवली, आणि घरात येऊन हॉइटसाठी पीचचा मुरंबा डब्यात भरला.

तिला त्यांना हरवायचं नव्हतं. मासे-बिसे तिच्या डोक्यातच नव्हते. सराव करून बॅटऱ्या अर्ध्या उतरल्या होत्या, म्हणजे न्याहारीच्या सुमाराला मोटार बंद पडणार, आणि मोटार बंद पडली की पुढे उभं राहायचं कुणाला काही कारण उरणार नाही. कार्लीन त्या चौथऱ्यावरून उतरावी, एवढंच तिला हवं होतं. यातून पुढे काय होईल ते तिने पाहिलं नाही. मत्सराची नजर तशी चांगली असते, पण लांबचं दिसत नाही तिला.

दुसऱ्या दिवशी ती दुपारीच धक्क्यावर जाऊन बसली. स्पर्धेची प्रमुख होती रेथा, तीन नवरे आणि एक बंदुकीचं दुकान सांभाळलेली बाई. तिने वायनेलला एका हाताने होईल असं काम दिलं: बोट लागली की पाण्याच्या पिशव्या द्यायच्या, त्यांत पाच मासे जिवंत घालून लोक वजनाला आणतात, आणि वजन झालं की पुन्हा तलावात सोडतात. बोटी येत होत्या. कुणाकडे दोन मासे, कुणाकडे फक्त कारणं. एक जोडपं घटस्फोटाचं बोलत वर आलं आणि पिशवीही न मागता गाडीत जाऊन बसलं.

हॉइटची बोट जवळजवळ शेवटी आली. दुसऱ्या एका बोटीने दोरी लावून ओढत आणली होती. तेवढ्या मदतीला मुभा असते. पुढचा चौथरा रिकामा होता. वायनेलच्या मनात एक गोड, लबाड कळ उठली. मग हॉइटने बोटीतल्या, मासे जिवंत ठेवायच्या हौदाचं झाकण उघडलं.

पाच मासे. असे पाच की रेथाने चष्मा लावला. वजनाच्या काट्यापुढे गर्दी झाली, कुणीतरी शीळ घातली, आणि सगळ्यांत मोठा मासा कार्लीनने दोन्ही हातांनी वर धरला तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. पहिला नंबर. इतक्या वर्षांत न आलेला.

वायनेल माशांकडे बघत होती. काठच्या गवतातला बास हिरवागार काळपट असतो, अंगावरचा पट्टा शाईने काढल्यासारखा. हे पाचही मासे फिके होते. पोटं खपाटीला गेलेली, अंडी घालून मोकळ्या झालेल्या माद्या. अशी मादी काठाशी थांबत नाही. ती खोल पाण्यात जाते, अंधारात, कुठल्या तरी झाडाच्या आडोशाला. आणि या तलावात खोल पाण्यात झाडं कुठे आहेत, ते दोनच माणसांना माहीत होतं.

विजेत्याने मंचावर येऊन मासे कसे मिळाले ते सांगायचं असतं. सगळे थापा मारतात, आणि ऐकणाऱ्यांना ते माहीत असतं. हॉइटनेही मारली. वरच्या ओढ्याच्या तोंडाशी, गवतात, घरट्यांवर, हिरवा रबरी सरडा. लोकांनी माना डोलावल्या आणि कुणीही विश्वास ठेवला नाही. पण त्या गर्दीत खोटं नेमकं कुठलं, ते फक्त वायनेलला कळलं. त्याने कार्लीनला झाडं दाखवली होती.

मंचावर खोटं चालतं, मागच्या खोलीत नाही. पहिल्या नंबराला बक्षीस म्हणून बोट मिळते, म्हणून देण्याआधी दोघांपैकी एकाला, चिठ्ठी टाकून, खोटं पकडायच्या यंत्रावर बसवतात. पूर्वी कुणी माशांच्या पोटात शिसं भरायचं, कुणी आदल्या दिवशीचे मासे पिंजऱ्यात लपवून ठेवायचं; तेव्हापासूनची रीत. यंत्र चालवायचा लामार, वायनेलचा मावसभाऊ, शेरीफच्या कचेरीतून निवृत्त झालेला. चिठ्ठी हॉइटच्या नावाची निघाली. लामार आमिषांच्या दुकानामागच्या खोलीत तारा जुळवत होता, तिथे वायनेल गेली आणि दार लावून घेतलं.

"एक प्रश्न जास्तीचा विचार त्याला," ती म्हणाली.

लामारने मान वर केली नाही. म्हणाला, जास्तीचं चालत नाही. शिवाय सगळे प्रश्न आधी वाचून दाखवावे लागतात, अचानक विचारता येत नाहीत.

"मग वाचून दाखव."

"प्रश्न असा हवा की उत्तर हो किंवा नाही येईल. बोल, काय आहे?"

वायनेल बोलायला गेली आणि अडली. झाडं दाखवलीस का, हे विचारायची गरजच नव्हती. मासे सांगत होते. तुला ती आवडते का, असं ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला लाज वाटली. लामार म्हणाला, आवड या यंत्राला कळत नाही, फक्त भीती कळते. मग ती म्हणाली, असं विचार, की माझ्याबरोबर इतकी वर्षं मागे-पुढे बसून जे जमलं नाही ते हिच्याबरोबर एका दिवसात जमलं, तर मग मी... आणि तिथे थांबली, कारण पुढे हो-नाही लागेना.

लामारने तारा खाली ठेवल्या. "वायनेल, तुझा प्रश्न त्याला नाहीच आहे. बाहेर जाऊन शेंगा खा जा."

बाहेर ट्रकच्या उघड्या फळीवर कार्लीन बसली होती, मांडीवर उकडलेल्या शेंगांची कागदी पिशवी. हॉइट आत गेला. जाताना त्याने वायनेलकडे पाहिलं नाही. कार्लीनने सरकून जागा केली. तिथे न बसणं म्हणजे गावाला बातमी देणं, म्हणून वायनेल बसली.

कार्लीन आपणहूनच बोलू लागली. बॅटऱ्या सकाळीच मेल्या, म्हणाली. काठाकाठाने सरकणं बंद, घरटी दिसत होती तरी तिथपर्यंत जाता येईना, वाऱ्याने बोट भलतीकडे. हॉइट बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. मग म्हणाला, एक जागा आहे, जिथे हलावं लागत नाही, नांगर टाकून बसलं की झालं. पण ती माझ्या एकट्याची नाही. मोठं इंजिन कसंबसं सुरू करून (परतताना तेही वाटेत बंद पडलं) तो तिकडे निघाला, आणि निघण्याआधी कार्लीनच्या डोक्यावर त्याने पावसाळी कोट घातला.

"कोट?" वायनेल म्हणाली.

"पोपटाच्या पिंजऱ्यावर घालतात ना कापड, तसा. वर म्हणतो, काठ बघायचा नाही. बोटीतल्या नकाशाच्या स्क्रीनवर टॉवेल. मी आपली आत गुदमरतेय. नांगर टाकल्यावर कोट काढला, तर म्हणे, आता पाण्याकडेच बघ, वर मान करायची नाही. दिवसभर मान खाली. मला खरंच सांगता येणार नाही, मिस वायनेल, आम्ही कुठे होतो ते."

वायनेलच्या छातीत काहीतरी सैल झालं, पण पूर्ण नाही. ती म्हणाली, मासे तर दिलेच ना त्याने.

"मासे? मासे तुम्ही दिलेत." कार्लीनने शेंग फोडली, पण खाल्ली नाही. "मी गळ टाकला की म्हणायचा, वायनेल असं ओढत नाही. वायनेल थांबते. वायनेल भजन म्हणते. मी म्हटलं, कुठलं? तर तेही सांगितलं. दिवसभर तुमचं नाव ऐकून कान किटले माझे. सकाळी तर वाटलं, उडी मारून पोहत घरी जावं." "ड्यूईने मला एक जागा कधी सांगितली नाही. एकसुद्धा नाही. त्याचे रॉड आहेत माझ्याकडे, गळ कुठे टाकायचा ते माहीत नाही. तुमच्यावर कुणाला कोट घालावा लागत नाही, हे तुम्हाला कळत नाही, मिस वायनेल. मला तुमचा किती राग आला आज."

आपला कुणी हेवा करावा, हे वायनेलच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि त्याचं थोडं बरंही वाटलं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. फार थोडं. पण त्या बरं वाटण्यामागोमाग दुसरं काही वर आलं. बॅटऱ्या जिवंत असत्या तर हॉइट झाडांकडे फिरकलाच नसता. कार्लीनला तिथपर्यंत पोचवलं ते तिनेच, डाव्या हाताने, एक पिन काढून.

तेवढ्यात दार उघडलं आणि लामार बाहेर आला. त्याने रेथाला बोलावलं. दोघं हळू बोलले, मग रेथा मोठ्याने बोलली, कारण तिला हळू येत नसे.

सगळे प्रश्न ठीक होते, फक्त एक सोडून. 'स्पर्धेच्या काळात तुम्हा दोघांखेरीज आणखी कुणी मासे मिळवायला मदत केली का?' हॉइट 'नाही' म्हणाला आणि सुई कागदावर थयथयाट करू लागली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. लामारने विचारलं, कुणाचा विचार करतोयस, तर हॉइटने तोंड मिटलं ते मिटलंच. आता नियमाने आणखी एकदाच विचारता येईल. तेव्हाही सुई अशीच वागली तर पहिला नंबर गेला, आणि वर नाव खराब. दुसऱ्या नंबराचं जोडपं कान टवकारून जवळ सरकलं; सकाळपासून पहिल्यांदा ते एकत्र उभे होते.

हॉइट दारात आला होता. दंडावर यंत्राच्या पट्ट्याचा लाल वळ. तो बुटांकडे बघत होता. कार्लीनचा हात तोंडावर गेला. तिने काय चोरलं ते तिलाच कळत नव्हतं, पण चेहरा मात्र चोराचा झाला होता.

आणि वायनेलला एकदम कळलं की पिन कुणी काढली ते हॉइटला माहीत आहे. पहाटे बोट बाहेर काढताना त्याने पाहिलं होतं. आणि दिवसभर बोलला नव्हता, आणि आत यंत्रावर बसूनही बोलला नाही, आणि आताही बोलणार नाही. बक्षीस जाईल, कार्लीनचा तो मोठा मासा जाईल, हा बुटांकडे बघत उभा राहील. तिने गॅरेजातून घरात येऊन मुरंबा भरला होता तितक्याच शांतपणे ती आता गप्प बसू शकली असती.

ती फळीवरून उतरली. "चार्जरची पिन मी काढली," ती म्हणाली. "काल संध्याकाळी. त्याच्या मनात तेच असणार."

रेथाने चष्मा काढला.

"का काढलीस?"

खांद्याचं कारण देता आलं असतं, विसरले म्हणता आलं असतं. समोर निम्मं गाव उभं होतं, त्यातलं निम्मं तिच्याच चर्चचं. "पोटात दुखत होतं म्हणून," वायनेल म्हणाली. "ही माझ्या नवऱ्याच्या बोटीत पुढे उभी राहिली. मला तिथे कुणी कधी उभं केलं नाही."

रेथाने लामारकडे पाहिलं, मग वायनेलकडे, मग नियम आठवत आभाळाकडे. म्हणाली, मदत करायला मनाई आहे, खोडा घालायला नाही. बायकोने घातलेला खोडा धरायचा म्हटला, तर या तलावावर आजवर कुणी स्पर्धा खेळलंच नसतं. लामार, त्याला पुन्हा बसव. म्हण, 'वायनेलने आत्ता सांगितलं ते सोडून'. गर्दीत हशा पिकला. वायनेलचे कान तापले, पण ती जागची हलली नाही.

सुई या वेळी झोपल्यासारखी सरळ गेली.

नव्या बोटीच्या किल्ल्या कार्लीनने घेतल्या. आपली जुनी बरी आहे असं हॉइट म्हणाला, ही विकलीस की वाटा दे. निघताना कार्लीन वायनेलपाशी आली. मिठी वगैरे मारली नाही. "पुढच्या वर्षी चार्जर माझ्या गॅरेजात लावीन मी," ती म्हणाली. शेवटचं 'मिस वायनेल' तिने गाळलं. ते बरं वाटलं की टोचलं, हे वायनेलला ठरवता येईना.

घरी जाताना ट्रकच्या मागे रिकाम्या बॅटऱ्यांची बोट खडखडत होती. गिरणीचा रस्ता मागे पडल्यावर वायनेल म्हणाली, "पहाटे बघितलंस तर लावायची होतीस पिन. तासभर तरी चार्ज झाल्या असत्या बॅटऱ्या."

"वायर खुंटीला होती," हॉइट म्हणाला. "गुंडाळून. मी उभ्या आयुष्यात वायर गुंडाळलेली नाही."

"म्हणजे कळलं ना. मग?"

त्याने विचार केला. हॉइटचा विचार दिसायचा. त्याचा खालचा ओठ पुढे यायचा. "मला वाटलं, आम्ही जिंकलेलं तुला नको असेल. म्हटलं, नाही जिंकत."

"मग जिंकलास कशाला?"

"मासे चावले, त्याला मी काय करू?"

वायनेलने तोंड खिडकीकडे वळवलं, कारण हसू येत होतं आणि ते इतक्यात द्यायचं नव्हतं. बाहेर लोकांच्या अंगणात संध्याकाळच्या शेगड्या पेटल्या होत्या. झाडं दाखवली गेली होती, कोट घालून का होईना. तिच्या भजनावर दुसऱ्या बाईने मासे धरले होते. एवढं सगळं बोलून झाल्यावरही ते तिथेच होतं, खांद्यातल्या टाक्यांसारखं, हात हलला की कळणारं.

"पाचांतले तुझे किती?" तिने विचारलं.

"दोन."

"मोठा तिचा."

"तिचा."

"कशावर?"

"जांभळं गांडूळ. लहानसं शिसं."

"लहान?" वायनेल सरळ बसली. "तेवढ्या खोल पाण्यात, वारा असताना? अरे, दोरीला पोट पडतं, मासा चावलेला कळतसुद्धा नाही. मी असते तर दुप्पट लावलं असतं."

"मी म्हटलं तिला."

"आणि उचलताना घाई केली असणार तिने. भजन अर्ध्यात सोडून."

हॉइटने गिअर बदलला. समोर चढ नव्हता. "केली," तो म्हणाला. "जरा घाई केली."

खरं का खोटं, ते वायनेलने विचारलं नाही.